‘धर’ म्हणणाऱ्या ढवळे सिस्टर

ढवळे सिस्टरांनी मला पहिली थप्पड मारली तेव्हा माझी मुलाखत अजून चालू होती.

त्या खुर्चीत, मी उभी. छातीशी फाइल धरलेली, तिच्यात इंदूरला केलेल्या नर्सिंगचं सर्टिफिकेट आणि भोपाळहून आलेलं रजिस्ट्रेशन. त्यांनी फाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाव?" "मंगल." "टाके काढता येतात?" "हो." "पळून जाशील?" "नाही." मग त्या उठल्या, पदर खोचला आणि काडकन माझ्या गालावर एक ठेवून दिली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. सिस्टर मात्र माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, हातांकडे बघत होत्या.

"फाइल सुटली नाही," त्या म्हणाल्या. "ठीक. उद्यापासून ये. दिवाळीपर्यंत कच्ची. टिकलीस तर पक्की."

मला राग आला. आज त्या बाईविषयी प्रेमानं लिहायला बसले आहे, तरी तो गाल आठवला की अजून येतो. पण घरी परत जायची सोय नव्हती. सरकारी भरती बंद होती. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात असलेले माझे बाबा रोज म्हणायचे, "सरकारनं हात वर केलेत बाई, आता तूही कर." देवासचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कारखान्यात सुपरवायझर. त्यांना मुलगी पसंत होती, तिचं नर्स असणं नाही. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणारी सून त्यांना नको होती. बाबांनी माझ्याशी करार केला: दिवाळीच्या आत पक्की नोकरी लागली तर स्थळ सोडू, नाहीतर फाइल ट्रंकेत आणि तू देवासला. तोवर उज्जैनच्या फ्रीगंजातल्या बहुतेक नर्सिंग होमच्या पायऱ्या मी झिजवल्या होत्या. सगळीकडे एकच प्रश्न, अनुभव काय? अनुभव म्हणून दाखवण्यासारखा आता एक लाल गाल होता.

टावर चौकाजवळचं ते नर्सिंग होम एका डॉक्टरसाहेबांचं होतं. खाली औषधांचं दुकान, वर वॉर्ड, गच्चीवर नवीकोरी डिश. त्या वर्षांत उज्जैनमध्ये दोनच धंदे तेजीत होते, एसटीडीचे बूथ आणि नर्सिंग होम. बाकी सगळं बंद पडत होतं. कापडगिरणीला टाळं लागलं होतं आणि पाळीवर जाणारी माणसं आता नाक्यावर उभी असत. आमच्याकडे येणारे पेशंट त्यांच्यातलेच. डोकं फुटलेले, पोटात सुरा गेलेले, आणि त्यांच्या मागून आलेल्या बायका, ज्यांचे हात ‘जिन्यावरून पडून’ मोडलेले असत. घरात जिना असो की नसो.

ढवळे सिस्टर तिथल्या हेड. उंच, हाडापेरानं मजबूत. डाव्या मनगटाचं हाड कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं, त्यामुळे तो हात सतत काहीतरी मागतोय असं वाटे. मारकुटी बाई. चिमटा चुकीचा धरला की त्याच चिमट्यानं बोटांच्या पेरांवर फटका. पट्टी सैल बांधली की पाठीत धपाटा. कंपाउंडर रामप्रसाद त्यांच्यापेक्षा वयानं मोठा, त्यानेही खाल्ले होते. आमच्यातली एक मुलगी आठवड्यात पळाली, दुसरी आईला घेऊन भांडायला आली. सिस्टरांनी त्या आईला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मी मारते, मला माहीत आहे मी किती जोरात मारून राहिले. बाहेरचा मारेल तेव्हा त्याला माहीत नसेल. तुमची पोर घरी घेऊन जा." आई खरंच घेऊन गेली.

बांगड्यांना बंदी. काच फुटून मनगटात जाते. वेणीला बंदी. केस जाळीत घट्ट, कारण "नातेवाईक पहिले वेणी पकडतो." दाराकडे पाठ करायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम त्यांच्या एका शब्दात होता: "धर."

पेशंटबरोबर घोळका आला, आरडाओरडा सुरू झाला, कुणीतरी बाह्या सरसावल्या, की सिस्टर त्या गर्दीत सरळ घुसायच्या आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायच्या. एकाला पेशंटच्या चपला, दुसऱ्याला शर्ट, तिसऱ्याला पाण्याचा तांब्या. "ए भैया, ये पकड. गिराना मत." जो सगळ्यांत जास्त ओरडत असेल त्याच्या हातात सलाईनची बाटली. तेव्हा त्या काचेच्या असायच्या. "ऊपर रख. हाथ नीचे आया तो तेरा भाई गया." आणि तो पहाडासारखा माणूस हात वर करून, श्वास रोखून, मुकाट उभा राहायचा.

"रिकामा हात मारतो," त्या आम्हाला सांगायच्या. "हातात काही असलं की माणूस आधी ते सांभाळतो. गिरणी बंद झाल्यापासून या गावात रिकामे हात फार झालेत."

याच नियमाला जोडून दुसरा होता, आणि त्यावर त्यांनी माझा कान लाल होईतो पिळला होता. पेशंट गेला, तर ते सांगण्याआधी लोकांच्या हातातल्या वस्तू परत घ्यायच्या. एकेक करून, गोड बोलून. विशेषतः बाटली. "आधी घ्यायचं, मग सांगायचं. उलटं केलंस तर ज्यानं धरलंय त्याच्यानंच मारेल." हा नियम डॉक्टरसाहेबांनाही माहीत होता. त्यांना तो हास्यास्पद वाटे.

एकदा दुपारी एक माणूस प्रसूतीच्या खोलीत शिरला. दारू प्यायलेला, हातात भाजी चिरायचा लांब सुरा. त्याच्या बायकोला सकाळीच तिसरी मुलगी झाली होती. "कहाँ है वो? आज दोनों को काटता हूँ." बाई पलंगावर आक्रसून भिंतीला चिकटली. मी ट्रे घेऊन उभी होते. रामप्रसाद दारातून मागच्या मागे नाहीसा झाला. ढवळे सिस्टरांनी पाळण्यातून ती मुलगी उचलली, त्याच्यासमोर गेल्या आणि सुऱ्याच्या वरून ते गाठोडं सरळ त्याच्या छातीवर टेकवलं.

"पकड. गर्दन संभाल. गर्दन के नीचे हाथ."

त्यानं दुसरा हात लावला. मान सांभाळायला लावावाच लागला. सुरा फरशीवर पडला. सिस्टरांनी तो पायानं पलंगाखाली सरकवला. तो माणूस पोरीकडे बघत उभा होता, आणि पोर त्याच्या शर्टाचं बटण चोखू पाहत होती. थोड्या वेळानं सिस्टरांनी पोर अलगद परत घेतली, पाळण्यात ठेवली, पांघरूण नीट केलं. मग वळल्या आणि त्याला मारलं. तसं मारताना मी बाईमाणसाला कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर, कानावर, आणि तो खाली बसला तेव्हा लाथेनं. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. मी ओढून धरलं म्हणून थांबल्या.

"तुम्ही बाळ कसं दिलंत त्याच्या हातात?" मी नंतर रडत विचारलं. "त्यानं टाकलं असतं तर?"

"सुरा आणि पोर एका माणसाच्या हातात राहत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याच नाकात कापूस घालायला गेल्या.

हे सगळं त्या कुठे शिकल्या ते मला नवरात्रात कळलं. त्या दोन दिवस आल्या नाहीत म्हणून कपाटाच्या किल्ल्या आणायला डॉक्टरसाहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. भैरवगढच्या बाजूला दोन खोल्या. बाहेर दोरीवर छापाच्या चादरी वाळत होत्या, शेजाऱ्यांच्या. सिस्टरांनी दार उघडलं. डावा डोळा काळानिळा, सुजून बंद झालेला. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "आमच्याकडे जिना नाही. ये."

आत ढवळेकाका बसले होते, त्यांचे यजमान. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मोठे, शांत दिसणारे गृहस्थ, हाताचे पंजे फावड्याएवढे. पुढ्यात परात आणि तुरीची डाळ. ते एकाग्र होऊन खडे निवडत होते. मला "या, बसा" म्हणाले, चहाही विचारला. मला तो माणूस चांगला वाटला, हे मी लपवणार नाही. निवडून झालं तशी त्यांनी परात सरकवली. सिस्टर ती आत घेऊन गेल्या, मी किल्ल्यांसाठी मागोमाग गेले. तर त्यांनी काय करावं? वाटीतले खडे परत डाळीत ओतले, हातानं कालवले आणि परात बाहेर त्यांच्यापुढे नेऊन ठेवली.

"ही पण निवडून टाका. पाहुणी आली आहे."

काका पुन्हा निवडायला लागले. त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

"गिरणी होती तोवर या माणसानं बोट लावलं नाही," सिस्टर मला दारात म्हणाल्या. "परवा मला ड्यूटीवरून यायला उशीर झाला. निवडायची डाळ संपली होती." मग एकदम खेकसल्या, "काय बघून राहिलीस? जा, चार वाजताचं इंजेक्शन कोण देणार, तुझा देवासवाला?"

दिवाळी तोंडावर आली. आणखी दहाबारा दिवस निभावले की मी पक्की होणार होते. आईनं करंजीचं सारण परतायला घेतलं होतं आणि देवासचे लोक भाऊबीजेला ‘होकार घ्यायला’ येतो म्हणाले होते. त्यांना नकार द्यायचा तर माझ्याकडे तोवर पक्की नोकरी हवी होती.

अशात एका दुपारी बंद गिरणीच्या फाटकापाशी मारामारी झाली आणि एका तरण्या पोराला आमच्याकडे आणलं. बरगडीखाली सुरा. पाठोपाठ वीसपंचवीस माणसं जिना चढून वर. सिस्टर पुढे, मी मागे. "पकड. पकड. तू ये पकड." चपला, शर्ट, घड्याळ, पाकीट, सगळं वाटून झालं. सलाईनचे स्टँड दुसऱ्या पेशंटांकडे अडकलेले होते, एकच रिकामा होता त्याचं चाक मोडलेलं. पोराचा मोठा भाऊ सगळ्यांत जास्त ओरडत होता, शिवाय तो तिथल्या पार्षदाचा, म्हणजे नगरसेवकाचा भाचा. बाटली त्याच्याकडे गेली. त्यानं हात वर धरला आणि भावाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. आम्ही जखम दाबत होतो. रक्त थांबत नव्हतं. माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि डॉक्टरसाहेबांना दोनदा निरोप गेला होता. ते नव्या सोनोग्राफीच्या मशिनपाशी कंपनीच्या माणसांशी बोलत होते.

पोरगा गेला. सिस्टरांना कळलं, मला कळलं, बाकी कुणाला नाही. सिस्टरांनी चेहऱ्यावर रेषही हलू दिली नाही. जखमेवरचा हात तसाच ठेवला आणि मला डोळ्यांनी खुणावलं. मी चपला घेतल्या, शर्ट घेतला. "भैया, लाओ, मैं रखती हूँ." पाकीट घेतलं. बाटलीपर्यंत पोचायला दोन पावलं उरली असतील, तेवढ्यात डॉक्टरसाहेब दारात आले, पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "खतम हो गया. लाने में देर कर दी." एवढं बोलून केबिनमध्ये गेले आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पार्षदाच्या भाच्यानं बाटली पलंगाच्या दांडीवर फोडली. रामप्रसाद मध्ये आला, त्याच्या खांद्यात काच गेली. मग सगळेच सुटले. खिडक्या, टेबलं, औषधांचं कपाट. मला कुणीतरी ढकललं, जाळी निघाली आणि केस मोकळे झाले. त्या भाच्यानं ते मुठीत गुंडाळले आणि मला फरशीवरून ओढत नेलं. त्याच्या दुसऱ्या हातात बाटलीचा तुटका गळा होता. "इसने शर्ट ले लिया! इसको मालूम था! इसको सब मालूम था!" तो हे माझ्या तोंडावर ओरडत होता, आणि रडत होता. ती काच माझ्या डोळ्यासमोर आली.

मध्ये ढवळे सिस्टर आल्या. ती काच त्यांच्या गालावर बसली आणि डोळ्याखालून ओठापर्यंत गाल उघडा पडला. मोडक्या चाकाचा तो लोखंडी स्टँड त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या कोपरावर घातला, मग डोक्यात घातला, तो पडल्यावर पुन्हा एकदा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. माझे केस सुटले. घोळका एकदम मागे सरला. तोंडातून रक्त गळत असलेली ती बाई स्टँड उगारून उभी होती आणि पुढे यायची कुणाची छाती झाली नाही. पोलीस आले तेव्हाही ती तशीच उभी होती.

भाचा वाचला, पण हात कायमचा गेला. तिसऱ्या दिवशी पार्षद येऊन केबिनमध्ये बसला. म्हणाला, पोलीस केस नको असेल तर ती बाई उद्यापासून इथे दिसता कामा नये. डॉक्टरसाहेबांनी सिस्टरांना बोलावलं. माझ्याकडूनच ड्रेसिंग करून घेऊन, गालावर टाके मिरवत त्या आत गेल्या. दार उघडंच होतं.

"मैं जाती हूँ," त्या म्हणाल्या. बोलताना ओठ ओढला जात होता. "पर ये लडकी पक्की. अभी. नहीं तो मैं नीचे बाजार में खडी होकर बताऊँगी कि कडी किसने लगाई थी."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. सिस्टर बाहेर आल्या, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

"धर," म्हणाल्या.

आणि दोन्ही हात मोकळे सोडून जिना उतरल्या. मी वर उभी राहून रडत होते, आणि खरं सांगायचं तर आतून आनंदानं फुटतही होते. देवास टळलं होतं. नोकरी पक्की झाली होती, आणि ती त्यांची होती.

पुढे त्यांनी नोकरी शोधून पाहिली. ज्या पायऱ्या मी झिजवल्या त्याच त्यांनी, त्या वयात, तो गाल घेऊन. अनुभव काय, असं त्यांना कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होता, म्हणून कुणी घेतलंही नाही. मी सणावारी जात असे. आता परातीच्या एका बाजूला काका बसत, दुसऱ्या बाजूला सिस्टर. "दोन माणसांना डाळ पुरत नाही गं," त्या एकदा म्हणाल्या आणि हसल्या. शिवलेल्या गालामुळे ते हसणं भीतिदायक दिसलं.

मग माझं लग्न, बदललेली नोकरी, नानाखेड्याला नवं मोठं हॉस्पिटल, तिथे मी हेड. जाणं कमी होत गेलं.

एक दिवस सकाळच्या राऊंडला खाली रिक्षा थांबली. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आत आणलं. त्यावर ढवळेकाका, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल भिजून काळा झालेला. स्ट्रेचरबरोबर ढवळे सिस्टर चालत होत्या. केस पांढरे, ओरखडलेला गळा, साडीवर रक्त. मला पाहून थबकल्या नाहीत.

"कशानं लागलं?" मी टॉवेल सोडवत विचारलं.

"खलबत्त्याच्या बत्त्यानं."

"कुणी मारलं?"

"मी." दोन्ही पंजे त्यांनी अंगापासून दूर धरले होते. "आधी तो उठला. गळा धरला. रोजचंच. पण आज मी पण रिकामीच बसलेली होते गं मंगल. सकाळपासून हातात काही नव्हतं."

त्यांचे हात थरथरत होते. नर्सा भिऊन माझ्याकडे बघत होत्या. सलाईन लागलं होतं, बाटली आता प्लास्टिकची, स्टँड शेजारीच होता. मी बाटली स्टँडवरून काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"धरा, सिस्टर. वर."

त्यांनी वाकड्या मनगटाचा तो हात वर केला. थरथर थांबली. आम्ही डोक्याशी खटपट करत राहिलो, डॉक्टर आले, छाती दाबून पाहिली. सिस्टर नवऱ्याच्या तोंडाकडे बघत हात वर धरून उभ्या होत्या. शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यांना मीच शिकवलं होतं.

मी वळले. माझ्या तोंडाकडे बघून सिस्टरांना सगळं कळलं असणार. त्यांनी हात खाली आणला आणि बाटली माझ्यापुढे केली.

"आधी ही घे," त्या म्हणाल्या. "मग सांग."

मी घेतली. मग सांगितलं.

बाई हवालदार त्यांना न्यायला आली तेव्हा त्या बाकावर बसलेल्या होत्या, पंजे मांडीवर उताणे. मी स्ट्रेचरखालून काकांच्या चपला काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या छातीशी धरल्या आणि उठून जीपकडे चालू लागल्या.